ठराव वहीत, विडी शेडमध्ये

स्ट्रॉबेरीचा हंगाम सुरू झाला की महाबळेश्वर तालुक्यात पॅकिंगच्या शेडमध्ये बायामाणसांची गर्दी होते. परवा एका शेडवर गेलो, तर कोपऱ्यात तिघे विड्या ओढत बसलेले आणि दोन हातांवर एक बाई मांडीवर तान्हं घेऊन डबे भरत होती. मी मालकाला म्हटलं, "गावात धूम्रपानबंदीचा ठराव झालाय ना?" "झालाय की साहेब, भाऊसाहेबांच्या वहीत आहे."

दुखणं इथंच आहे. २००३ चा केंद्राचा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम यांनी सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. कामाची जागाही त्यात येते, म्हणजे शेडही आली. जागा ज्याच्या ताब्यात, त्याने फलक लावून तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव लिहायचे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले जुने ग्रामसेवक) यांनाही दंडाचा अधिकार आहे. पण कोणत्या गावाने ठराव केला, पावत्या किती फाडल्या, हे शेजारच्या गावालाही ठाऊक नसते.

अमेरिकेत 'अमेरिकन नॉनस्मोकर्स राइट्स फाउंडेशन' ही संस्था गावोगावचे असे स्थानिक नियम गोळा करून संगणकावर ठेवते. कुठे हॉटेलात बंदी, कुठे कचेरीत, कधीपासून, ते कोणालाही पाहता येते. आपला सातबारा मोबाईलवर निघतो, पीक पाहणी शेतकरी स्वतः भरतो. मग पंचायत समितीला एवढा तक्ता जड का जावा? रकाने चारच: ठरावाची तारीख, फलकांच्या जागा, तक्रार घेणाऱ्याचे नाव आणि महिन्याचा दंड. शेवटच्या रकान्यात बारा महिने शून्य दिसले, तर गाव सुधारले की पावतीपुस्तक कपाटात पडून आहे, हे ग्रामसभा विचारील.

काही जण म्हणतात, आपल्याकडे विडीपेक्षा तंबाखू मळणारेच जास्त. खरे आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते. पण मळलेली तंबाखू शेजाऱ्याच्या तोंडात जात नाही, धूर मात्र त्या तान्ह्याच्या छातीत जातो. पोरांना दमा, न्यूमोनिया, कानाचे दुखणे त्यातून होते. (टोमॅटो, ढोबळी मिरचीवाल्यांनी तर विडीचा हात धुतल्याशिवाय रोपाला लावू नये, तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून झाडावर जातो. विषयांतर झाले, पण राहवत नाही.)

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. सरपंचांनी ठरावाची नक्कल तेवढी पाठवावी, पहिला तक्ता मी स्वतः बसून भरून देतो.