आबांचा साचा

लेकीची दहावी आणि मुलाची बारावी एकाच वर्षी संपली, तेव्हा घरात ठरलं की मे महिन्यात सगळ्यांनी इंग्लंडला जायचं. सगळ्यांनी म्हणजे आबांनीही. माझे वडील आबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. राजापूरहून अठराव्या वर्षी लालबागला आले, एका गाळ्यात पंधरा जणांबरोबर राहिले, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, सोळा वर्षं काढली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते बाहेर पडले. पुन्हा त्या गेटातून आत जाणं झालंच नाही.

लंडनचे पहिले तीन दिवस टॉवर ब्रिज, बिग बेन, ग्रिनिच असं सगळं यादीप्रमाणे झालं. मुलं फोटो काढत आणि पुढे कुठे जायचं ते विचारत. मला ते लागत होतं, पण त्यांना दोष देववत नव्हता. यादी आम्ही केलेली. तिच्यात त्यांचं स्वतःचं काही नव्हतं.

चौथ्या दिवशी मँचेस्टरजवळच्या स्टाइल गावी गेलो, तेवढं एक ठिकाण आबांसाठी धरलं होतं. बॉलिन नदीच्या काठी सॅम्युएल ग्रेगने १७८४ मध्ये उभारलेली क्वारी बँक ही सूतगिरणी आज संग्रहालय म्हणून जपली आहे आणि जुनी यंत्रं लोकांना चालवून दाखवतात. मुंबईला हा धंदा आला तोही याच मुलखातून. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली, तिला यंत्रं पुरवली ती मँचेस्टरशेजारच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी.

साचा सुरू झाला आणि कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. मोजके साचे चालू होते, तरी पायाखालची फळी थरथरत होती. तेवढ्यात आबा नातीकडे वळले आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी आणि बोटांनी तिला सांगू लागले: हा धोटा, हा ताणा, हा बाणा, दोरा तुटला की हात इथे. तिला सगळं समजलं. यंत्र थांबल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, लँकेशायरचे विणकरही असेच बोलत, त्या बोलण्याला इथे वेगळं नावच आहे. लेक आबांचा हात धरून म्हणाली, "आबा, तुम्ही टीव्ही एवढा मोठ्याने का लावता, ते आज कळलं."

त्या बाईंनी मग धोटा हातात दिला. जुन्या धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढायला कामगार तोंड लावून ते ओढून घेत. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. मुलाने विचारलं, "आपल्याकडेही असंच होतं?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असंच. आणि म्हणूनच आमच्या आधीच्या काळात दलितांना साचाखात्यात घेत नसत. त्यांनी तोंड लावलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. मजुरी जास्त ती साच्यावरच. बाबासाहेबांनी २८ सालच्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता."

गिरणीजवळच शिकाऊ मुलांचं घर आहे. अनाथालयांतून आणि गरिबांच्या आश्रयगृहांतून आणलेली नऊ-दहा वर्षांची मुलं तिथे राहत आणि दिवसाचे बारा-बारा तास गिरणीत राबत. माझी मुलं तिथून लवकर हलेनात. कुणी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं.

परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा लंडनमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची खरेदी ठरली होती. मुलाने ती रद्द करायला लावली आणि नकाशा बघत आम्हाला प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर घेऊन गेला. १० क्रमांकाचं घर. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. भिंतीवर निळी पाटी आहे. लेकीने विचारलं, "मग तेव्हा रमाबाई कुठे होत्या?"

"आपल्या परळात," आबा म्हणाले. "बीआयटी चाळीत."

"ती कुठे आली?"

या प्रश्नाने मला लाज वाटली. माझ्या मुलांनी फिनिक्स मॉल शंभरदा पाहिला, आणि तिथे कधीकाळी गिरणी होती हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९१२ ते १९३४ ज्या चाळीत संसार केला, ती आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे मी त्यांना एकदाही नेलं नव्हतं.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही पाचही जण बीआयटी चाळीत गेलो. वाटेत आबा बंद गिरण्यांच्या जागा दाखवत होते. इथे भोंगा, इथे खानावळ, इथे पाळी सुटायची. मुलं प्रश्न विचारत होती. लंडनमधल्या पहिल्या तीन दिवसांत त्यांनी एवढे प्रश्न विचारले नव्हते.

या उन्हाळ्यात पुष्कळ मराठी घरं मुलांना घेऊन परदेशी जातील. जरूर जा, ऐपत असेल तर नक्की जा. पण तिकिटं काढण्याआधी एक संध्याकाळ मुलांना आजी-आजोबांजवळ बसवा आणि त्यांनी आयुष्यभर काय काम केलं ते विचारायला सांगा. गोदी, रेल्वे, छापखाना, शाळा, शेती, काहीही असेल. मग त्या कामाची एक तरी खूण आपण जाणार त्या देशात शोधा आणि ती शोधायचं काम मुलांकडे द्या. आणि शक्य असेल तर आजी-आजोबांनाही बरोबर न्या. ते असताना हे करा. धोट्याची ती गोष्ट मला पुस्तकातून मुलांना सांगता आली असती. पण आबांनी ती सांगितली, म्हणून मुलांच्या मनात राहिली.