एक ॲम्प्लिफायर, चार स्पीकर

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत पर्युषण येते ते ऐन पावसात. तोरण्याकडून सरी उतरू लागल्या की पत्र्याच्या सभामंडपात प्रवचनाचे शब्द मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाहीत. मग आवाज वाढवला जातो. पुढच्यांचे कान किटतात, मागच्यांना तरीही अर्थबोध होत नाही. त्यापेक्षा ठरावीक अंतरावर चार लहान स्पीकर मंद आवाजात लावणे श्रेयस्कर.

मात्र ते चारही एकाच ॲम्प्लिफायरला जोडताना आकडेमोड आवश्यक आहे. स्पीकरच्या मागे बहुधा ८ ओम लिहिलेले असते. सर्वांच्या तारा एकाच लाल-काळ्या टोकांना लावल्या की ती समांतर जोडणी होते. तीत दोन स्पीकरांचे ४ ओम होतात, चारांचे २. आकडा घटला म्हणजे भार हलका झाला असे व्यापारी मनाला वाटते. येथे हिशेब उलटा आहे. ओम जितके कमी, तितका प्रवाह अधिक. एकाच रोखपालाने चार खिडक्या सांभाळाव्यात, तशी यंत्राची गत होते. ॲम्प्लिफायरवर किमान ४ ओम छापलेले असेल, तर तिसऱ्या स्पीकरलाच मर्यादा ओलांडली जाते. यंत्र तापते आणि मंडप भरलेला असताना, कदाचित संवत्सरीलाच, बंद पडते.

एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडल्यास ३२ ओम होतात. यंत्र सुरक्षित राहते, पण आवाज क्षीण होतो आणि एका स्पीकरची तार तुटली की चारही मूक. म्हणून दोन-दोन स्पीकर एकसर जोडून (प्रत्येक जोडी १६ ओम) त्या दोन जोड्या समांतर लावाव्यात. एकूण पुन्हा ८ ओम. चारही स्पीकर एकाच जातीचे असावेत.

तार दूरच्या भोजनमंडपापर्यंत न्यायची असल्यास १०० व्होल्ट लाइनची यंत्रणा घ्यावी. तेथे प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो आणि बेरीज वॅटची करायची: ६० वॅटच्या यंत्रावर १० वॅटचे पाच, उरलेले राखीव.

स्थानकवासी परंपरेतील अनेक साधु-साध्वी अग्निकायादी जीवांच्या हिंसेच्या विचाराने ध्वनिवर्धक वापरत नाहीत. तेथे त्यांची अनुमती गृहीत धरून तारा ओढणे मला अनुचित वाटते.

जोडणी यंत्र बंद ठेवूनच करावी. लाल तार सर्वत्र लाल टोकालाच यावी. एखादी उलटी लागली तर दोन स्पीकरांमधल्या रांगेत आवाज पोकळ येतो. नंतर पाऊस असलेल्या एखाद्या दिवशी शेवटच्या रांगेत वृद्ध श्राविकांना बसवून स्तवन म्हणावे आणि त्यांना शब्द नीट कळले की आवाजाच्या बटणाशी खूण करून ठेवावी.