आधी कवच, मग टर्बो

ड्रॅग रेस म्हणजे सहसा 402 मीटरची सरळ धाव. हौशी गाडी मात्र बहुधा सुटतानाच दगा देते. सगळा पैसा इंजिनात ओतलेला असतो, आणि हिरवा दिवा लागताच क्लच जळाल्याचा उग्र वास सुटतो. चिकट टायर घातले तर अ‍ॅक्सलच कटकन तुटतो, कारण चाक घसरत होतं तोवर तो वाचत होता! आणि क्लच फुटला तर तुकडे थेट पायांवर येतात, म्हणून इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या टर्बोआधी क्लचभोवती पोलादी कवच बसवा, हे मी पोरांना कळकळीने सांगतो. 1970 मध्ये अमेरिकेचे ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स यांचा गिअरबॉक्स पायांशीच फुटला, उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्याच वर्षी ते इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेली गाडी घेऊन उतरले आणि जिंकू लागले.