स्तन्यपानाला हवा प्रशिक्षित आधार

देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. मात्र जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळते ते केवळ ४१.८ टक्के बालकांना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील (२०१९-२१) ही तफावत सोयींपेक्षा मार्गदर्शनाच्या अभावाकडे बोट दाखवते. हे मार्गदर्शन करणाऱ्या स्तन्यपान सल्लागारांसाठी 'आयबीसीएलसी' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. त्यासाठी परिचारिकेला ९५ तासांचे शिक्षण, मातांसोबतचा सर्वसाधारणपणे एक हजार तासांचा प्रत्यक्ष अनुभव आणि परीक्षा हे टप्पे पार करावे लागतात. गर्दीच्या सरकारी प्रसूती कक्षात अनुभवाची वानवा नाही. वानवा आहे ती सवडीची. १९८९ मध्ये शीव रुग्णालयात आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी उभारणाऱ्या मुंबईने परिचारिकांना हे प्रशिक्षण सेवाकाळातच द्यायला हवे. अन्यथा हा आधार शुल्क परवडणाऱ्या मातांपुरताच उरेल.