टॉवरलाही झोप हवी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री शुभेच्छांचा पूर येतो, मोबाइलचे टॉवर तापतात. त्याबद्दल तक्रार नाही; यंत्रं त्यासाठीच उभी केली आहेत. पण पहाटे तीनला, सारं गाव झोपलेलं असताना हाच टॉवर किती वीज खातो? नेटवर्कच्या एकूण विजेत सर्वांत मोठा वाटा टॉवरांचा, आणि तिथला मोठा खादाड म्हणजे लहरी हवेत सोडणारा पॉवर ॲम्प्लिफायर.

४जीच्या रचनेतच उधळपट्टी आहे. फोन असो वा नसो, टॉवर दर मिलिसेकंदाला संदर्भ-संकेत पाठवत राहतो. रिकाम्या देवळात कुणी घंटा बडवत बसावं तसा. डुलकीला उसंतच नाही. ५जीची मानकं लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं. तिथे मूळ संकेत सहसा २० मिलिसेकंदांनी एकदा जातो, आणि हे अंतर १६० पर्यंत ताणायची मुभा आहे. मधल्या वेळात ॲम्प्लिफायर बंद ठेवता येतो. गर्दी ओसरली की जादा कॅरिअर, म्हणजे वाहक-लहरी, बंद करता येतात, ६४ अँटेनांपैकी निम्म्या गप्प बसवता येतात. मात्र सगळेच झोपले आणि कुणाचा रुग्णवाहिकेसाठीचा फोन लागला नाही, तर? म्हणून दूरवर पोचणारा लहरींचा एक पट्टा जागाच ठेवावा लागतो. कुणी जागायचं आणि कुणी निजायचं, हे नेमून देण्यातच रचनाकाराची कसोटी आहे.

आपल्याकडे त्यात डिझेलची भर. २०१५ पर्यंत किमान निम्मे ग्रामीण टॉवर सौर वगैरे संमिश्र ऊर्जेवर आणा, असं दूरसंचार विभागानं २०१२ मध्ये बजावलं होतं. मुदत आली नि गेली; लाइट गेल्यावर जनरेटर अजूनही धडधडतात. अर्थात सगळंच रडगाणं नाही. उघड्यावर टिकणारी यंत्रं आली, तशी टॉवरखालच्या वातानुकूलित खोल्यांची गरज घटली; एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या नांदू लागल्या.

दर जीबीमागे वीज किती घटली, हे कंपन्यांचं लाडकं गणित. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. जीबी त्याहून वेगानं वाढले तर बिल चढतंच. त्यापेक्षा मध्यरात्री ते पहाटे पाचपर्यंत दर टॉवरमागे किती युनिट जळतात, ते प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा जाहीर करावं, आणि दूरसंचार नियामक ट्रायनं ते मागून घ्यावं.

यंदाचा अंक याच विषयाला वाहिला आहे. वाचा, पटलं नाही तर भांडा. पत्रांची वाट पाहतो.