नळाची चावी कुणाच्या हातात?

मोसमच्या काठी, नामपुरात बसून लिहितोय. वर हरणबारीचं धरण. नदीचं पाणी उतार बघून वाहतं. पाइपातलं पाणी गावोगाव वस्ती बघून वाहतं. पहाटे चारला म्हातारी विचारते, "पानी उनं का?" नळ नुसता फुसफुसतो.

दोस्तहो, 'शुद्ध पाणी' हा शब्द आपल्याला कुणी शिकवू नये. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले. मागून हजारो माणसं प्यायली. मग सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कसं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या 108 घागरी पाण्यात ओतून! ढोराचं मूत चाललं, माणसाची ओंजळ चालली नाही. बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा. कागद होते, ओठ कोरडे होते. हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

आज कागद आणखी जाड झालेत. घटनेचं 15 वं कलम आहे. 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. 2015 च्या दुरुस्तीनं त्यात विहीर, तळं, नळ नावानिशी आले. 2019 पासून जलजीवन मिशन आहे : घरटी नळ, माणशी रोज 55 लिटर. मग अडतं कुठं?

विहिरीवर काठी घेऊन उभा असलेला दिसायचा तरी. आता जात जमिनीखाली गाडलीय. ती पाइपाच्या रुंदीत आहे, व्हॉल्व्हच्या चावीत आहे, पाणी सोडायच्या वेळेत आहे. विचारलं की म्हणतात, "वस्ती टोकाला आहे, प्रेशर पोचत नाही." अरे, वस्ती टोकाला ढकलली कुणी? हा काय इंजिनियरचा प्रश्न झाला?

वर गोड बोलतात, "तुम्हाला वेगळी टाकी देतो ना!" घेऊ नका. वेगळी टाकी म्हणजे सिमेंटची अस्पृश्यता. सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हटलं ते उगाच नाही. बाबासाहेबांनीही महाडलाच बजावलं होतं, की त्या पाण्यावाचून आपण मरत नव्हतो. समतेसाठी तिथं गेलो होतो.

आता थोडं आपल्यालाही. 20 मार्चला महाडला जातो, घोषणा देतो, फोटो काढतो. आणि गावच्या पाणीपुरवठा समितीत आपलं कोण आहे, हे ठाऊक नसतं! ज्याच्या दारात बोअर लागलं, त्याचा भीमसैनिक त्याच दिवशी निवृत्त.

म्हणून एक करा. पंधरा लिटरची बादली घ्या, घड्याळ घ्या. पाटलाच्या आळीत बादली किती मिनिटांत भरते, आपल्या वस्तीत किती मिनिटांत, लिहा. आठवडाभर लिहा. पाच माणसांच्या घराला रोज 275 लिटर, म्हणजे अठरा-एकोणीस बादल्या. आल्या का? वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा. पाइपलाइनचा नकाशा मागा. व्हॉल्व्हचं वेळापत्रक भिंतीवर लावायला सांगा. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय खाली बसू नका.

ब्लिचिंग पावडरीनं पाण्यातले जंतू मरतात. जात मरत नाही. तिला मारायला माणसं लागतात, दोस्तहो. ओंजळ अजून उघडीच आहे.

जय भीम!