पाठीवर कोण बसलंय?

बजेट आलं की आमच्या घरी पुरुषमंडळींच्या मोबाइलवर व्यंगचित्रांचा पूर येतो. अर्थमंत्री लिंबू पिळतायत आणि लिंबाच्या जागी आपण! "बघ, अगदी आपलीच दशा," म्हणून हे मलाही दाखवतात. मीही हसते. आपल्या म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन १९५१ पासून चौकड्यांचा कोट घालून मुकाट्यानं सगळं बघत आला. त्या गरीब माणसात आपण प्रत्येकजण स्वतःलाच बघतो. माझं भांडण तिथंच आहे.

त्याच आठवड्यात घरातल्या लग्नासाठी आम्ही चौघी हुबळीला सराफाकडे गेलो. हार पसंत पडला. मग त्यानं हळूच विचारलं, "अक्का, पक्कं बिल करू की कच्चं?" सोन्यावर जीएसटी तीन टक्के, म्हणजे लाखाला तीन हजार. माझ्याबरोबरच्या तिघी एका सुरात म्हणाल्या, "कच्चंच करा की हो!" सकाळी आपण पिळलेलं लिंबू, आणि दुपारी हे!

फ्रान्समध्ये १७८९ साली, क्रांतीच्या वर्षी, करावरचं एक चित्र फार गाजलं. एक म्हातारा शेतकरी कुदळीवर भार देऊन वाकलाय. त्याच्या पाठीवर एक धर्मगुरू आणि एक सरदार आरामात बसलेत. खाली पक्षी आणि ससे त्याचं पीक खातायत. धर्मगुरूंना आणि बहुतेक सरदारांना तिथला मुख्य कर माफ होता. भार सगळा शेतकऱ्यावर. त्याच सुमाराचं बायकांचंही चित्र आहे. खाली शेतकरीण, पाठीवर नन आणि सरदारीण.

आता मला सांगा, मैत्रिणींनो, त्या चित्रात आपण कुठल्या? आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई साबणाची वडी घेते, तेव्हा छापील किमतीतच कर आलेला असतो. तिला कुणी विचारत नाही, पक्कं की कच्चं. ती मुकाट भरते. आपण लाखाचा हार घेऊन तीन हजार वाचवतो आणि वर लिंबाचं चित्र पाहून हळहळतो. खाली ती आहे. पाठीवर कोण बसलंय, ते आरशात बघावं.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "सरकार तरी पैशाचं काय करतं? खातातच ना?" खातही असतील. इंग्लंडच्या जेम्स गिलरेनं १७८६ साली हेच काढलं होतं. राजा-राणी खजिन्याच्या दारातून बाहेर पडतायत, खिसे नाण्यांनी ओसंडतायत, पंतप्रधान पिट आणखी एक थैली पुढं करतोय, आणि बाजूला हात-पाय गमावलेला सैनिक भीक मागतोय. असं चित्र हवंच. पण ते हिशेब मागतं, आणि हिशेब मागायचा हक्क भरणाऱ्याचा. कच्च्या बिलावर कसला हिशेब मागणार?

"मिठाचा कर गांधीजींनीही मोडलाच की," असंही एकीनं ऐकवलं. मोडला. १९३० साली अंकोल्याला आपल्या कर्नाटकातल्या माणसांनीही मोडला. पण दिवसाढवळ्या, चारचौघांत, तुरुंगात जायची तयारी ठेवून. सराफाच्या कानाशी कुजबुजून नव्हे.

आणि आपल्याला हे बाहेरच्यांनी शिकवायची गरजच काय? दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्र वाचतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' येतो, म्हणजे राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं. खोट्या वजनमापांच्या शेजारीच तो बसवलाय. जमिनीखालचा कांदा आपण ताटात येऊ देत नाही. टेबलाखालचं बिल मात्र सुखानं पर्समध्ये घालतो. चातुर्मासाचे नियम पाळणाऱ्या घरांत या एका अतिचाराबद्दल कधी कुणी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्या दिवशी मी पक्कं बिल घेतलं. घरी दोन दिवस बोलणी खाल्ली. "तीन हजार काय झाडाला लागतात?" नाही लागत. भांडी घासणारीच्या झाडालाही लागत नाहीत. पुढच्या खेपेला सराफानं विचारलं, तर तिची आठवण ठेवून मोठ्यानं सांगा, "पक्कं." मग बजेटच्या दिवशी खुशाल पोट धरून हसा.